एक दिवस, दोन माणसे, एक गाव
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या जिल्ह्यात माणूस घराबाहेर पडतो तो कारणाने. कुणाचे लग्न असते, कुणाची मयत असते, दवाखाना असतो, कोर्टाची तारीख असते, आठवडी बाजार असतो. नवरात्रात तुळजापूर असते, उरूस असला की दर्गा असतो. ही सगळी कारणे रास्त आहेत. पण 'कुठे निघालात?' असे कुणी विचारले आणि 'सहज, एक गाव बघायला' असे उत्तर दिले, तर विचारणारा आपल्याकडे जरा काळजीने बघतो. बायकांच्या बाबतीत तर कारणांची ही यादी आणखी आखूड होते. माहेर, दवाखाना आणि देव, यापलीकडे ती सहसा जात नाही.

आणि फिरायला निघालोच, तर आपण कसे निघतो? एक जीप ठरवायची, तिच्यात बारा माणसे बसवायची आणि पहाटे चारला निघून एका दिवसात तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर उरकायचे. रात्री परत येताना सगळे झोपेत असतात. सकाळी हाती उरतात प्रसादाच्या पुड्या आणि सुजलेले पाय. श्रद्धेने केलेल्या यात्रेला मी नावे ठेवत नाही. दर्शन ही वेगळी गोष्ट आहे आणि पाहणे ही वेगळी. दर्शन क्षणात होते. पाहायला वेळ लागतो.

आज मी बोलणार आहे ते या पाहण्याबद्दल. नवरा-बायको या दोघांनीच मिळून, घाई न करता, आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात एक दिवस कसा घालवावा, याबद्दल. गाव मी निवडले आहे तेर. धाराशिव शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी असलेले.

आता दोघांनीच का? सांगतो. आमच्या पिढीच्या बहुतेक घरांत आता दोनच माणसे उरली आहेत. मुले पुण्याला, मुली आपापल्या घरी. तीस वर्षे मुलांच्या शाळा, आजारपणे, फिया, लग्ने यांवर बोलणाऱ्या दोघांना एके दिवशी कळते, की बोलायला विषयच उरलेला नाही. गॅस कधी संपेल, विजेचे बिल भरले का, नळाला पाणी कधी येणार. एवढ्यावर दिवस निभतो. यात भांडण नसते, पण गोष्टही नसते. अशा वेळी एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा दोघांनी मिळून तिसऱ्याच कशाकडे तरी बघावे. तिथून बोलणे पुन्हा सुरू होते. मी काही वैद्य नाही, पण हा उपाय स्वस्त आहे एवढे खात्रीने सांगतो. एसटीचे तिकीट आणि घरची शिदोरी, इतकाच खर्च.

तेरच का, याचे उत्तर थोडे लांब आहे.

सुमारे एकोणीसशे-साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषा जाणणाऱ्या एका व्यापाऱ्याने एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. तांबड्या समुद्रातून निघालेल्या गलबतांनी कुठल्या बंदराला लागावे, तिथे काय विकावे आणि काय विकत घ्यावे, याची ती जंत्री आहे. त्यात तो लिहितो, की भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे फार मोठे शहर आहे. तिथून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचला येते. दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही या तगरची नोंद केली.

हे तगर कुठले, यावर पंडितांत बरीच वर्षे वाद चालला. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर म्हणे. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने दाखवून दिले, की तगर म्हणजे आपले तेर. हिशेब साधा आहे. पैठण ते तेर ही वाट बैलगाडीने दिवसाला पाच-सहा कोस धरली, तर दहा दिवसांत बरोबर संपते. आपल्याकडच्या कुणाही गाडीवानाला हे गणित तोंडी सोडवता आले असते. पुढे या शहराचे नाव इतके मोठे राहिले, की कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी, म्हणवून घेत. राज्य कुठे कोल्हापूर, कुठे ठाणे, आणि मान मिरवायचा तो तेरचा!

तर अशा शहरात जायचे. हिवाळ्यात जावे, दिवाळीनंतर आणि शिवरात्रीच्या आत. सोमवार टाळावा, कारण शासकीय संग्रहालयांना त्या दिवशी सुट्टी असते. सकाळची गाडी धरावी. शिदोरीत ज्वारीचे धपाटे, शेंगाची चटणी, दही आणि कांदा असावा. पायांत सैल चपला असाव्यात. आणि एक अट पाळावी : दोघांपैकी जो हळू चालतो, त्याच्या चालीने दिवस चालवायचा. आमच्या घरात गुडघे तिचे दुखतात, म्हणून त्या दिवशीचे घड्याळ तिच्या गुडघ्यांवर लावले होते.

सकाळचा पहिला मुक्काम त्रिविक्रम मंदिर. गावात शिरल्यावर शिखर शोधत जाल तर फसाल. हे मंदिर बाहेरून साधे दिसते, पण त्याची मागची बाजू नीट बघा. ती चौकोनी नाही, अर्धगोल आहे. वरचे छप्पर उलट्या नावेसारखे, किंवा आपल्याकडच्या बैलगाडीवरच्या तट्ट्यासारखे वाकलेले आहे. हा आकार कुठे पाहिला आहे? वेरूळच्या, कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांतल्या चैत्यगृहांत. तिथे तो डोंगरात कोरला आहे. इथे तो विटांनी उभा केला आहे. लेणे डोंगराच्या आधाराने टिकते, विटांची इमारत मात्र ऊन-पावसात उभी राहावी लागते. म्हणून लेणी शेकड्यांनी उरली आणि विटांची चैत्ये जवळजवळ सगळी गेली. या घडणीचे उभे राहिलेले दुसरे ठळक उदाहरण म्हणजे आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर. आतल्या मूर्तीत वामनाने उंच पाय टाकून त्रैलोक्य व्यापले आहे. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला आहे. म्हणजे एकाच इमारतीत दोन-तीन काळ शेजारी शेजारी नांदतात, जशी आपल्या वाड्यात आजोबांची भिंत, वडिलांचा पत्रा आणि मुलाची फरशी असते.

इथे कमीत कमी अर्धा तास बसावे. आम्ही बसलो होतो. तिथल्या एका आजींनी आमची विचारपूस केली, आडनाव विचारले, सांगितले, आणि 'बसा की निवांत, सावली हाय' म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

तेरच्या विटांची एक गंमत सांगायलाच हवी. आपला सारा महाराष्ट्र दगडांचा. लेणी दगडाची, किल्ले दगडाचे, हेमाडपंती देवळे दगडाची. मग तेरला विटा कशाला? नदीकाठची माती मुबलक होती आणि ती भाजण्याची विद्या इथल्या हातांत होती. इथली उत्तरेश्वर आणि काळेश्वर ही मंदिरेही विटांचीच. यातल्या काही विटा पाण्यावर तरंगतात. चमत्कार नाही, कारागिरी आहे. मातीत धान्याचा भुसा कालवून वीट पाडायची. भट्टीत भुसा जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात. आकार तेवढाच, पण वजन घटलेले. पाण्याहून हलकी झाली की वीट तरंगणारच. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशा विटा आहेत. २०२१ साली ते मंदिर जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा त्या विटांचा बराच बोलबाला झाला. आपल्या तेरच्या विटांची कारागिरी त्याहून कितीतरी शतके जुनी.

हलकी वीट का करायची? वरचे ओझे कमी व्हावे म्हणून. खालच्या भिंतीला वरचा भार पेलवला पाहिजे, एवढा साधा विचार. हा विचार पुढे आपल्या गावांतून हरवला आणि त्याची किंमत आपण मोजली, त्याबद्दल दिवस कलताना बोलू.

दुसरा मुक्काम संग्रहालय. कै. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच गृहस्थ. पावसाळ्यात गावाभोवतीच्या टेकाडांची माती वाहून गेली, की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आपोआप वर येत. लोकांना त्यांचे काही वाटत नसे. लामतुऱ्यांना वाटले. त्यांनी आयुष्यभर या वस्तू गोळा केल्या, सांभाळल्या आणि त्यांचा संग्रह पुढे शासनाच्या हवाली झाला. आज त्यांच्याच नावाने असलेल्या या संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. एका खेडेगावातल्या एका माणसाने जमवलेल्या! मोठ्या शहरांतही असे फार घडत नाही.

संग्रहालय कसे बघावे, हे मला तिथे माझ्या पत्नीने शिकवले. मी बी. ए. झालेला माणूस. मी पाट्या वाचत चाललो होतो. सातवाहन, इसवी सनाचे पहिले शतक, दुसरे शतक. ती पाट्या वाचत नव्हती. ती वस्तूंपुढे थांबत होती. पाय असलेल्या दगडी पाट्यापुढे ती वाकली आणि म्हणाली, (आमच्या घरात दखनी बोलली जाते, तिचे म्हणणे मी मराठीत सांगतो) 'हा पाटा उजव्या हाताच्या बाईने वापरलेला दिसतोय. झीज बघा कुठल्या बाजूला जास्त आहे.' मी बघितले. झीज खरेच एका बाजूला जास्त होती. सातवाहन राजाचे नाव मला पाठ होते. मसाला वाटणारी बाई तिला दिसली.

पुढे पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. या मातीला केओलिन म्हणतात, चिनी मातीची बहीणच म्हणा. मूर्ती आतून पोकळ, हाताला हलक्या. त्या कशा करत, ते असे : मूर्तीचा पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा अर्धा दुसऱ्या साच्यात दाबायचा आणि मग दोन्ही अर्धुके जोडून सांधा पुसून घ्यायचा. दुहेरी साच्याची ही रीत रोमन जगात रूढ होती आणि व्यापाराबरोबर ती इथवर आली, असे अभ्यासक मानतात. मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, 'म्हणजे पाडव्याच्या साखरेच्या गाठी करतात तसे.' अगदी तसेच. गाठी करणारा लाकडाचे दोन तुकडे जुळवतो, मध्ये दोरा घालतो आणि पाक ओततो. मूर्तीच्या कुशीला बारीक रेघ दिसते, ती त्या दोन अर्धुकांच्या सांध्याची. रोमचे तंत्र आपल्याला अवघड वाटते, गाठी ओळखीच्या असतात. ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी वस्तूकडे गेले, की शिकणे सोपे होते. हे शिक्षकांनाही सांगण्यासारखे आहे.

तिथे रोमन धाटणीचे मातीचे दिवे आहेत. रोमच्या सोन्याच्या नाण्यांची मातीत केलेली पदके आहेत, वर भोक पाडून गळ्यात घालण्यासारखी. ज्याला सोने परवडत नव्हते, त्याने माती घातली. हौस मात्र तीच. आजच्या बाजारातले एक ग्रॅमचे दागिने काही नवे नाहीत. शंखाच्या बांगड्या आहेत. काचेचे, अकीकाचे, तांबूस रंगाच्या कार्नेलियन दगडाचे ढीगभर मणी आहेत. त्या मण्यांची भोके बघावीत. केसासारखी बारीक भोके कठीण दगडात आरपार पाडली आहेत, आणि यंत्र कुठले नाही. उत्तरेश्वर मंदिराची लाकडी कोरीव चौकटही आता संग्रहालयात ठेवली आहे. लाकूड इतकी शतके टिकावे हीच नवलाची गोष्ट.

आणि हस्तिदंताची ती स्त्री. छोटी आहे, पण तिच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. इटलीत पाँपेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घराच्या अवशेषांत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय होती. हातभर बांगड्या, पायांत जाड वाळे. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. अभ्यासकांनी तिच्याशी जुळणाऱ्या मूर्ती शोधल्या, तेव्हा जालना जिल्ह्यातले भोकरदन आणि आपले तेर ही दोन नावे पुढे आली. म्हणजे नेपल्समध्ये जी काचेत उभी आहे, तिची एक बहीण आपल्या जिल्ह्यात आहे. नेपल्सला जायला पासपोर्ट लागतो. तेरला जायला एसटी लागते, आणि तरीही आपण गेलेलो नसतो.

आता दुपार. शिदोरी सोडायची वेळ. तेरणेच्या काठी झाडाची सावली बघून बसावे. ही नदी पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. जेवताना मोबाइल पिशवीत ठेवावा. फोटो काढण्याला माझा विरोध नाही. पण फोटो काढला की बघून झाले असे वाटते, आणि तिथेच बघणे थांबते. जेवून थोडे आडवे व्हावे. दिवस आपला आहे, कुणी हाकलत नाही. जीपमध्ये दहा माणसे आपली वाट बघत बसलेली नाहीत. निवांत फिरण्यात हीच तर मिळकत आहे.

तिसरा मुक्काम संत गोरोबाकाकांचे मंदिर. २०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि संमेलननगरीला नाव दिले होते संत गोरोबाकाकांचे. मराठी कवी म्हणून मला त्याचा अभिमान वाटला. गोरोबांची कच्च्या मडक्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असताना गोरोबांनी थापटणे घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा दिला. ही गोष्ट कुंभाराच्या कामातूनच निघालेली आहे. भाजलेले मडके ठोकले की खणखणते. कच्चे किंवा चीर गेलेले असले की बद्द बोलते. आमच्या अम्मी रांजण विकत घेताना बोटाच्या पेराने दहा ठिकाणी ठोकून बघत. कान लावून बघत. बाजारातले कुंभारही त्यांना बिचकत. ज्या गावच्या विटा तरंगत होत्या, ज्या गावात मातीच्या मूर्ती साच्यांतून निघत होत्या, त्याच गावात हजार-बाराशे वर्षांनी एक कुंभार संत व्हावा, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. मातीची विद्या त्या गावाने सोडली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. गोरोबा चिखल तुडवत होते. बायको पाण्याला जाताना मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून सांगून गेली. भजनात देहभान हरपले आणि रांगत आलेले मूल पायाखाली आले. पुढे विठ्ठलाच्या कृपेने मूल परत मिळाले असे भक्त सांगतात. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. मंदिराच्या ओट्यावर बसलो असताना माझी पत्नी म्हणाली, 'सगळे त्यांच्या भक्तीचे सांगतात. घागर घेऊन परत आली तेव्हा तिचे काय झाले असेल, ते कोण सांगतो?' यावर मी काही बोललो नाही. तीही पुढे काही बोलली नाही. आम्ही दोघे बराच वेळ तिथे बसून राहिलो. आमच्या तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात अशा काही घागरी रिकाम्या परत आल्या होत्या, ज्यांचा विषय आम्ही घरात कधी काढला नव्हता. त्या दिवशीही काढला नाही. पण एका जागी शेजारी बसून दोघांना एकाच वेळी तीच गोष्ट आठवली, हे दोघांनाही कळले. काही वेळा तेवढे पुरते.

चौथा मुक्काम, दिवस कलताना, गावाभोवतीची टेकाडे. इथे बघण्यासारखे काय, असे वाटेल. नुसती पांढुरकी माती, खापऱ्या, गवत. पण खरे तगर इथेच आहे, पायाखाली. मराठीत आपण 'काळी-पांढरी' म्हणतो. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पांढरी पांढरी का? माणसे शेकडो वर्षे एका जागी राहिली, की चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेणसारवण, हाडे, चुना हे सगळे थरावर थर बसत जाते आणि जमिनीचा रंग बदलतो. गाव स्वतःच्याच राखेवर उंच होत जाते. जगात असे अनेक ठिकाणी आहे. मेक्सिकोत चोलुला नावाच्या शहरात एक मोठी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर चर्च आहे. ती टेकडी म्हणजे खाली दडलेला प्रचंड पिरॅमिड आहे. तेरच्या टेकाडांत १९५० च्या दशकाअखेरीपासून वेळोवेळी उत्खनने झाली. विटांच्या स्तूपाचा पाया सापडला, त्याची मांडणी चाकाच्या आऱ्यांसारखी आहे.

पण पुष्कळ काही उत्खननाच्या आधीच गेले होते. आणि ते कुठे गेले, हे त्या संध्याकाळी पुन्हा तिनेच सांगितले. तिचे माहेर माळवदाचे. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. ती माती काळी चालत नाही. काळी पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, आणि घर गळते. पांढरी माती दाबून बसते आणि पाणी अडवते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गाढवांवर किंवा गाडीत पांढरी आणून माळवदावर टाकायची. 'आमचे अब्बा गढीखालची माती आणायचे,' ती म्हणाली. 'तिच्यात मणी सापडायचे. आम्ही पोरी बाहुलीच्या गळ्यात घालायचो.' मराठवाड्यातल्या कित्येक पांढरी अशाच गाड्या-गाड्यांनी उपसल्या गेल्या. जुन्या नगरांची छपरे झाली. जुन्या विटांच्या नव्या भिंती झाल्या. लोकांना दोष देता येत नाही. पावसाळा डोक्यावर असताना माणूस छप्पर शाकारतो, इतिहास बघत नाही.

वर्षावर्षाला थर वाढत गेला आणि माळवद जड होत गेले. खालच्या भिंती मात्र दगड-मातीच्याच राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसे झोपेत गेली. त्यांच्यातली फार मोठी संख्या या जड माळवदांखाली आणि ढासळलेल्या भिंतींखाली सापडली. सकाळी पाहिलेली ती तरंगणारी वीट मला तेव्हा आठवली. वरचे ओझे हलके ठेवावे, हे या मातीतल्या कारागिराला दीड हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. मधल्या काळात ती विद्या हरवली. जुने बघायचे ते अभिमानासाठी म्हणून मी सांगत नाही. कधी कधी त्यात आपल्या जिवाशी निगडित अशी एखादी गोष्ट पडून राहिलेली असते, म्हणून बघायचे.

जाता जाता चार सूचना देतो. टेकाडावर एखादा मणी, खापर सापडले तर खिशात घालू नका. ते जिथे पडले आहे तिथेच त्याला अर्थ आहे. घरी नेले की तो फक्त एक मणी. वस्तू महत्त्वाची वाटली तर संग्रहालयात नेऊन दाखवा, जसे पूर्वी लोक लामतुऱ्यांकडे नेत. दुसरे, त्याच दिवशी धाराशिवची लेणीही उरकून टाकू, असा मोह होईल. तो आवरा. लेण्यांना त्यांचा वेगळा दिवस द्या. 'करकंडचरिउ' या जुन्या अपभ्रंश काव्यात राजा करकंड तेरपूरला येतो आणि डोंगरातली लेणी बघतो. त्या राजालासुद्धा दोन्हींसाठी सवड काढावी लागली होती. तिसरे, घरी आल्यावर त्या रात्री टीव्ही लावू नका. काय पाहिले ते एकमेकांना सांगा. दोघांनी एकच गाव पाहिलेले असते, पण सांगताना ती दोन गावे निघतात.

आणि चौथी सूचना नवऱ्यांसाठी. गाव बघताना सगळे आपणच समजावून सांगायचे, ही आपली सवय आहे. मधून मधून गप्प बसा. पाटा, चूल, रांजण, दिवा, बांगडी, साचा, सारवण यांनीच जुनी नगरे भरलेली असतात, आणि या वस्तूंची भाषा घरात आपल्यापेक्षा जास्त कुणाला येते, हे सांगायला नको. पंडितांनी तगरचा पत्ता शोधून काढला, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. त्या घरांत कोण राहत होते, हे मात्र शेजारी चालणाऱ्या बाईला विचारावे. तिला बहुधा ठाऊक असते, विचारलेले नसते एवढेच.